मोबाईलवर अडकित्ता वाजत नाही

शुक्रवार, २५ जुलै

यार्नवाल्या शेठनं दिवाळीला दिलेली ही डायरी आजपर्यंत कोरी पडली होती. आज जानकीनं ती कपाटातून काढून माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "राग आला की ह्यात लिहीत जा. मी पोळ्या लाटताना पाठीमागे उभं राहून बोलू नका, पोळ्या वातड होतात." म्हणून लिहायला बसलो.

आजचा राग अवधूत मास्तरांवर आहे. श्रावण लागला की रविवारी दुपारी केसरीनाथ गुप्त्याच्या घरी आमची पत्त्यांची बैठक बसते. मी, केसरी आणि मास्तर. केसरी तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाला, मास्तर शाळेतून. मी कशातूनच निवृत्त झालेलो नाही. खारबावहून भिवंडीला आलो तो लूमवर सुताच्या कांड्या भरायला, आज त्याच गल्लीत कारखाना माझा आहे. पूर्वी आम्ही तीन पत्ती खेळायचो. मग सूतवाल्यांच्या सहलीबरोबर मी गोव्याला गेलो, तिथून पोकर शिकून आलो आणि ह्या दोघांना शिकवला. दोन पानं ज्याच्या त्याच्या हातात झाकलेली, पाच पानं मध्ये सगळ्यांची उघडी, आणि त्यानंतर सगळी थापेबाजी. पैसे लावत नाही. चिंचोके लावतो.

तर मास्तर यंदा मुलाकडे कल्याणला राहायला गेले. आज फोन. "तरेशेठ, कल्याण रोडची काय दशा आहे बघताय ना? मी निघालो तर कोनगावातच श्रावण संपेल. यंदा आपण मोबाईलवर खेळू. ॲप आहे, फुकट आहे, घरबसल्या."

मी म्हटलं, "मास्तर, घरबसल्या माणूस आजारी पडतो, पत्ते खेळत नाही."

म्हणाले, "केसरीनाथ हो म्हणालेत."

तिथं मला खरा राग आला. ज्या केसरीला मोबाईलची बॅटरी लावायला शेजाऱ्याला हाक मारावी लागते, तो हो म्हणाला. मला न विचारता.

पत्ते ही बघायची गोष्ट नाही, ऐकायची आहे, हे ह्यांना कोण सांगणार. मी कारखान्याच्या दारात उभा राहिलो की सगळे लूम धडधडत असताना कुठल्या लूमचा धोटा अडखळतोय ते सांगतो. आमचा मुकादम म्हणतो, "सेठ के कान में मीटर लगा है." माणसाचंही तसंच असतं. हातात काय आहे ते त्याच्या श्वासात येतं, मांडी बदलण्यात येतं. काचेच्या डबीतून काय ऐकणार? मातीच्या ढेकळाला कान लावल्यासारखं.

रविवार, २७ जुलै

खेळलो. त्याला खेळणं म्हणायचं असेल तर.

मास्तरांनी प्रत्येकाला एक चित्र दिलं आहे. मी अस्वल. का, ते विचारलं तर म्हणाले, "ॲपनंच दिलं." केसरी चष्मेवाला ससा. हिरव्या गोल टेबलाभोवती एक अस्वल, एक ससा आणि मास्तर म्हणून एक घुबड. साठी ओलांडलेली तीन माणसं.

दुसऱ्याच डावात मला दोन एक्के आले. मी जरा दम खाल्ला. पत्त्यात दम खावा लागतो, समोरच्याला घाम फुटू द्यावा लागतो. तेवढ्यात पडद्यावर 'वेळ संपला' असं आलं आणि त्या यंत्रानं माझे दोन एक्के मला न विचारता टाकून दिले. माझ्या हातातले एक्के. चाळीस वर्षं धंदा केला, बँकेच्या मॅनेजरनंही माझ्या हातातली वस्तू अशी काढून घेतली नव्हती.

आणखी एक. एक्के आले तेव्हा मी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं, तरी स्वयंपाकघरातून जानकी म्हणाली, "चांगली पानं आली वाटतं."

"तुला कसं कळलं?"

"खिशातल्या किल्ल्या वाजवताय. मनासारखं झालं की वाजवता."

बायकांचे तर्क. गोदामाच्या किल्ल्या आहेत, जड आहेत, वाजणारच.

केसरी जिंकला. नवशिक्याचं नशीब.

रविवार, ३ ऑगस्ट

केसरी पुन्हा जिंकला, आणि ह्याला नशीब म्हणत नाहीत. मी थाप मारली की ससा शांतपणे बोली वाढवतो. माझी पानं खरीच चांगली असली की ससा पानं टाकून मोकळा. माझ्या मनात काय आहे ते त्याला कळतं कसं? मागून वर ते हसरं पिवळं तोंड पाठवतो. ते पाठवायला त्याला शिकवलं कुणी?

हा तो केसरी नाही. खऱ्या केसरीचं गुपित मला पाठ आहे. आजवर कुणाला सांगितलं नाही, इथं लिहून ठेवतो. केसरी खेळायला बसला की मांडीजवळ त्याचा पितळी अडकित्ता आणि ताटलीत सुपाऱ्या असतात. हातात खरीच चांगली पानं असली तर तो अडकित्त्याला हातही लावत नाही. आणि थाप मारत असला की सुपारी घेतो आणि कातरतो. कट्, कट्. दोनदा. बिचाऱ्याला पत्ताच नसतो की आपण आपल्याच हातानं दवंडी पिटतोय. मी हे पहिल्यांदा ओळखलं तेव्हा मला त्याची दया आली होती. मास्तर शेजारी बसतात, त्यांना अजून कळलेलं नाही. ऐकू सगळ्यांना येतं, ऐकतो एखादाच.

कट् कट् झालं की मी बोली वाढवतो. नाही झालं की पानं टाकतो. इतकी वर्षं असंच जिंकत आलो. आता त्या ॲपवर कट् कट् कुठून येणार? तिथं सगळ्यांचाच एक आवाज, नाणी सांडल्यासारखा. बहिऱ्याच्या लग्नात बसलोय असं वाटतं.

माझी खात्री झाली आहे. केसरीच्या शेजारी बसून दुसरंच कुणीतरी खेळतंय.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. नारळीभाताचा डबा द्यायच्या निमित्तानं दुपारी केसरीकडे गेलो. आधी कळवलं नाही. छापा टाकायचा तर कळवून टाकत नाहीत.

अनसूयावहिनींनी दार उघडलं. "या, जीवनभावजी. हे आत खेळतायत. आता कुठल्या तरी अनोळखी माणसांबरोबरही खेळतात, सराव म्हणून."

मी म्हटलं, त्याला उठवू नका, मी बसतो. बाहेरच्या खोलीत बसून कान लावला. आत केसरी एकटाच. दुसऱ्याचा श्वाससुद्धा नाही. नाण्यांचा आवाज येत होता, मध्येच केसरी स्वतःशी पुटपुटत होता, "ह्याच्याकडे काही नाही, दामटून बोलतोय." आणि खरंच जिंकत होता. मी चांगला वेळ बसलो. तेवढ्या वेळात अडकित्ता एकदाही वाजला नाही. म्हणजे तेवढा वेळ त्याला सारखी चांगलीच पानं येत होती. एका माणसाला सारखी चांगली पानं. हे ॲप प्रामाणिक आहे असं मला कुणी सांगू नये.

वहिनींनी चहा आणला. मी सहज विचारलं, "सुपारी कमी केली वाटतं केसरीनं?"

"कमी? दातांच्या डॉक्टरनं बंद करून किती वर्षं झाली. एक खांडसुद्धा तोंडात टाकत नाहीत."

मी चहा संपवला. मित्राच्या संसारात तेल ओतू नये. पण वर्षानुवर्षं माझ्यासमोर बसून हा ताटलीभर सुपारी कातरतो आणि बायकोला पत्ता नाही. कारकून लोक वरून साधे दिसतात.

रविवार, १० ऑगस्ट

आज तर हद्द झाली. खेळ झाल्यावर मास्तर फोनवर म्हणाले, "गणपतीतला डावही मोबाईलवरच खेळू या का? मला यायला जमेलसं वाटत नाही."

तो डाव म्हणजे काय ते इथं लिहायलाच हवं. केसरीकडे पाच दिवसांचा गणपती असतो. विसर्जनाच्या दुपारी गणपतीसमोर आमचा एक मोठा डाव होतो. जो जिंकेल तो गणपतीचा पाट डोक्यावर घेऊन वऱ्हाळा तलावापर्यंत जाणार. गुप्त्यांच्या घरातला पिढ्यांचा मान, पण घरचा असो की बाहेरचा, जिंकेल त्याचा. हा नियम केसरीनंच काढला. माझ्या गोदामाचं पहिलं वर्ष होतं ते, मला नीट आठवतं. का काढला ते त्यालाच ठाऊक, कारण त्याला पत्त्यात कधी गती नव्हती. पहिल्याच वर्षी हरला आणि तेव्हापासून हरतोच आहे. गणपती दरवर्षी माझ्या डोक्यावरून जातो. मास्तरांनी एकदा म्हटलं होतं, "केसरीनाथ, नियम तरी बदला." तर हसून म्हणाला, "जिंकेल तो नेईल, बस."

मी मास्तरांना विचारलं, "गणपतीसमोर तीन माणसं तीन मोबाईल घेऊन बसणार? देव म्हणेल, हे मला पाया पडतायत की रिचार्ज मारतायत?"

मग केसरीला फोन लावला. वाटलं तो तरी माझ्या बाजूनं बोलेल. तर तो म्हणाला, "मोबाईलवर खेळलो तर काय बिघडलं रे? तेवढाच खेळ खरा होईल."

खरा होईल. म्हणजे आजवर खोटा होता? फोन ठेवला. जानकीनं डायरी पुढे सरकवली.

गुरुवार, १४ ऑगस्ट

गोदामावर गेलो होतो. परत येताना खारबाव स्टेशनबाहेर ठकुवहिनी भेटली, माझ्या थोरल्या भावाची, विठूदादाची बायको. डोक्यावर भाजीची पाटी. मी गाडी थांबवली.

"गणपतीला येशील ना रं यंदा?"

"दादानं बोलावलंय?"

"त्याला बोलाया येत न्हाय. म्हंजे बोलावलं न्हाय असं थोडंच हाय."

माझ्या वाट्याच्या शेतात मी गोदाम बांधलं त्या वर्षी विठूदादा चार माणसांत म्हणाला होता, "बापाच्या भातावर पत्रं टाकलंस. आता ह्या घरच्या गणपतीला तुझा हात लागाया न्हाय पायजे." त्याआधी आमच्या घरचा गणपती खाडीवर न्यायचा तो माझ्याच डोक्यावरून, धाकटा म्हणून. आज दादाचा मुलगा माझ्याच गोदामावर सुपरवायझर आहे, पण दादाचं तोंड अजून वाकडंच. मी का वाकू? मी कुणाची जमीन घेतली नाही, माझी वापरली. वहिनीला म्हटलं, "बघू."

ती म्हणाली, "तुमचं दोघांचं बघू बघू करता करता माजं डोळं गेलं."

शुक्रवार, २२ ऑगस्ट

सकाळी बातम्यांत कळलं, दिल्लीत कायदा झाला, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद. मी पेढे आणले. मास्तरांना फोन केला, "मास्तर, तुमचं घुबड उडालं."

मास्तर म्हणाले, "आपलं ॲप बिनपैशाचं आहे, तरेशेठ. ते चालूच राहणार."

सरकारनं आयुष्यात एक काम माझ्या मनासारखं केलं, तेही अर्धवट. पेढे लूमवरच्या पोरांना वाटले.

मग मी स्पष्टच सांगितलं. मोठा डाव समोरासमोर होणार, नाहीतर मी खेळणार नाही. मास्तरांना आणायला गाडी मी पाठवीन, जेवण माझं. मास्तर हो म्हणाले. केसरी म्हणाला, "बरं. तुला तसंच हवं असेल तर तसं." पडलेल्या आवाजात म्हणाला. चोरी उघडी पडायची भीती.

आता अडकित्ता वाजेल आणि कोण किती पाण्यात आहे ते कळेल.

बुधवार, २७ ऑगस्ट

गणपती आले. दुपारी जास्वंदीची फुलं घेऊन केसरीकडे गेलो. जिना चढत होतो, दार उघडंच होतं. वहिनींचा आवाज आला म्हणून वळणावर थांबलो. चोरून ऐकायला नाही. माझे कान असे आहेत त्याला मी काय करू.

वहिनी म्हणत होत्या, "या घरातलं शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी अनयकडे पुण्याला. तिथं सोसायटीच्या हौदात सोडायचा, डोक्यावरून न्यायला रस्ताच कुठाय? यंदा तुम्ही न्या ना. तुमचाच गणपती आहे."

केसरी म्हणाला, "जिंकेल तो नेईल. माझंच बोलणं आहे."

"मग जिंका. मोबाईलवर जिंकताच की."

"मोबाईलवर तो समोर नसतो."

वहिनी म्हणाल्या, "सासऱ्यांनंतर एकदाच तुमच्या डोक्यावर बघितलाय मी तो."

मी तसाच खाली उतरलो. फुलं खालच्या टपरीवाल्याकडे दिली, वर पोचव म्हणून.

गुरुवार, २८ ऑगस्ट

काल लिहिलं ते आज पुन्हा वाचलं. 'मोबाईलवर तो समोर नसतो.' ही कबुलीच झाली. मी समोर असलो की ह्याची लबाडी चालत नाही. मला हवा होता तो पुरावा मिळाला. आनंद व्हायला हवा होता.

पण खरा संताप वेगळाच आहे. मुलाकडे पुण्याला चाललाय आणि मला सांगितलं नाही. घर विकलं असणार, बोलणी झाली असणार, सह्या झाल्या असतील. भिवंडीत कुठल्या गाळ्याचा सौदा कुठं चाललाय ते मला त्या गाळ्याच्या मालकाआधी कळतं. आणि माझ्या मित्राचं घर माझ्या नाकाखालून जातंय ते मला जिन्यात कळावं?

जानकीला सांगितलं. ती म्हणाली, "सांगायला तुम्ही त्याला बोलू दिलं का? महिनाभर नुसते भांडताय, अस्वल काय न ससा काय."

कारखान्यात गेलो. मुकादम म्हणाला, "सेठ, कोने वाला लूम आवाज कर रहा है." मला ऐकू आला नव्हता.

शनिवार, ३० ऑगस्ट

केसरीला गणपती न्यायचाय तर सरळ सांगावं ना. "जीवन, यंदा मी नेतो." मी काय नाही म्हणालो असतो? कदाचित म्हणालो असतो. इतकी वर्षं जिंकून घेतलेली गोष्ट दान म्हणून मागितली तर राग येतोच. मला कुणी दान म्हणून दिली असती तर मी तिला हात लावला नसता, हेही तितकंच खरं. विठूदादानं उद्या सहज म्हटलं, 'ने बाबा,' तर मी नेईन का? नाही. जिंकून मिळालं तरच ते आपलं.

म्हणजे केसरीला जिंकायलाच हवं. आणि समोर बसून तो जिंकू शकत नाही, अडकित्ता त्याला जिंकू देत नाही.

ही कसली पीडा लावून घेतली मी.

रविवार, ३१ ऑगस्ट

डाव झाला, विसर्जन झालं. पाय दुखतायत तरी आजच लिहितो.

मास्तर गाडीतून उतरले ते आळीला ऐकू जाईल अशा आवाजात रस्त्याला शिव्या देत. बरं वाटलं. माणूस समोर असला की शिव्यांनाही चव असते. सतरंजी टाकली, गणपतीकडे पाठ होणार नाही असे बसलो. केसरीच्या मांडीजवळ अडकित्ता नव्हता. मी बघतच राहिलो. विचारणार तर कसं विचारणार? खेळ सुरू झाला आणि मी आंधळ्यासारखा चाचपडायला लागलो. मास्तर लवकरच संपले आणि मोदकांकडे वळले. उरलो आम्ही दोघं. चिंचोके केसरीकडे थोडे जास्त. निघायची वेळ झाली म्हणून शेवटची एकच वाटणी ठरली.

मग मला दोन राजे आले. मध्ये पानं उघडली त्यात तिसरा राजा. तीन राजे. केसरीनं समोरचे सगळे चिंचोके पुढे सारले. त्याच्या चेहऱ्यावर रेघ हलली नाही. हा चेहरा त्यानं कधी कमावला, मला माहीत नाही. मी दम खाल्ला. इथं कुणी 'वेळ संपला' म्हणणारं नव्हतं. पंखा आवाज करत होता, समईची वात चरचरत होती.

केसरीनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा गणपतीकडे. मग हाक मारली, "अगं, अडकित्ता दे जरा."

वहिनी दारात आल्या, पण अडकित्ता हातातून सोडेनात. "आज कशाला?"

"दे."

त्यांनी दिला. केसरीनं सुपारी घेतली. कट्. मग थांबला. मग दुसरा, कट्. आत वहिनींनी कसलं तरी भांडं आपटलं. मला राग आला त्यांचा, ऐन डावात कसली आदळआपट.

थाप होती. शंभर टक्के थाप. मी फक्त चिंचोके पुढे सारायचे, राजे उलटे करायचे, आणि गणपती माझ्या डोक्यावर.

मी पानं टाकली. झाकलेलीच टाकली आणि कुणी बघायच्या आत गड्डीत मिसळून टाकली.

"टाकलीस?" केसरी म्हणाला.

"टाकली. काही नव्हतं माझ्याकडे. भिकार पानं. तू जिंकलास."

मास्तर तोंडात मोदक घेऊन म्हणाले, "तरेशेठ, तुम्ही, अडकित्ता वाजल्यावर टाकलीत?" आणि मग एकदम मोदकाकडे बघायला लागले. काय बोलायचं होतं कुणास ठाऊक.

केसरी ताटलीतली कातरलेली सुपारी बोटानं इकडेतिकडे करत होता. मग अगदी हळू, मलाच ऐकू येईल असं म्हणाला, "किल्ल्या वाजत होत्या रे तुझ्या."

किल्ल्यांचा काय संबंध? वय झालं केसरीचं. मी म्हटलं, "ऊठ, उशीर होतोय. सोवळं नेस."

मी आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम हरलो. ह्या बैठकीत असलं काही आजवर कुणी केलेलं नाही. पत्त्यात कुणी कुणासाठी हरत नसतं. केसरीला कधी कळणारही नाही, त्याचे कान काही माझ्यासारखे नाहीत. आणि कळू नये हेच बरं, नाहीतर त्याच्या मानाची चव जाईल.

वऱ्हाळा तलावापर्यंत पाट केसरीच्या डोक्यावर. मी शेजारून झांजा वाजवत. इतकी वर्षं माझे हात पाटाला असायचे, झांजा कधी हातात आल्याच नव्हत्या. केसरीचे गुडघे दर पावलाला कुरकुरत होते, ते झांजांमधूनही मला ऐकू येत होते. दोनदा म्हटलं, "दे जरा वेळ." नाही म्हणाला. वहिनी मागून चालत होत्या आणि पदरानं सारखे डोळे पुसत होत्या. पाण्याशी पोचल्यावर केसरी वळला आणि म्हणाला, "ये. एवढ्या वर्षांचं आहे, शेवटचं एकटा कसा सोडू?" मग पाट दोघांनी धरला.

परतताना म्हणाला, "पुण्याचं तुला सांगणार होतो."

"मला माहीत होतं," मी म्हटलं.

"तुला काय, सगळंच ऐकू येतं," असं म्हणून तो हसला. त्यात हसण्यासारखं काय होतं?

मंगळवार, २ सप्टेंबर

अनसूयावहिनी स्वतः आल्या होत्या. दोन वस्तू दिल्या. एक मोठा डबा, काठोकाठ कातरलेली सुपारी. "घरात कुणी खात नाही, दरवर्षी तुमच्या खेळात एवढी कातरतात. पुण्याला कुठं नेऊ?" आणि फडक्यात गुंडाळलेला पितळी अडकित्ता. "हा जीवनला द्या म्हणाले."

मी चिडलो. जन्मात सुपारी खाल्ली नाही मी, केसरीला चांगलं ठाऊक आहे. भेट द्यायची तर उपयोगाची द्यावी.

त्या गेल्यावर जानकी डबा उघडून बघत बसली. मग म्हणाली, "पुढच्या वर्षी इथं गणपती नाही. खारबावला जाऊ या."

"दादा हात लावू देणार नाही."

"पत्ते घेऊन जा. भाऊजींना पत्त्यांचा नाद आहे."

"आणि?"

"आणि हरून या."

म्हटलं, विठूदादाशी मी का हरू? चूक त्याची, बोलणं त्याचं. त्याला पत्ते धरता येत नाहीत, त्याला कुणीही हरवेल. अर्धा तास बोललो. ती मध्येच उठून पोळ्या करायला गेली, पण आज डायरी पुढे केली नाही.

बाहेरच्या खोलीत एकटाच बसलो होतो. सहज सुपारी घेतली आणि अडकित्ता चालवून बघितला. दोनदा. आवाज तोच, पण समोर कुणी नव्हतं, नुसताच वाजला.

आतून जानकीनं विचारलं, "सुपारी कधीपासून खायला लागलात?"

"खायला नाही," मी म्हटलं.

"मग कशाला कातरताय?"

काठोकाठ डबा समोर होता. केसरीनंही ती खायला कातरली नव्हती. मग दुसरी सुपारी घेतली.